पुसलेला फळा

समोर बसलेल्यांपैकी बरेचजण रोज ठाण्याहून गाडी पकडून ऐरोली, रबाळे, घणसोलीला उतरत असतील. मीही त्यातलाच. महापेच्या एका छोट्या कंपनीत आम्ही चौघांनी परदेशी ग्राहकाच्या गोदामासाठी प्रोग्रॅम लिहिला होता. नेट गेलं तरी नोंदी चालू राहाव्यात आणि परत आलं की आपोआप जुळाव्यात, एवढीच गरज. तीन दिवस फळ्यापुढे डोकं लावलं आणि उपाय सापडला. वर्षभराने ग्राहकाच्या हाती वकिलाची नोटीस: ही पद्धत आमच्या पेटंटमध्ये आहे. आम्ही ते पेटंट पाहिलंही नव्हतं! ग्राहकाने भांडण टाळलं, काम बंद केलं. आमच्यातल्या दोघांची नोकरी गेली. ते मला अजून लागतं.

कॉपीराइटमध्ये 'मी नक्कल केली नाही, माझं मी लिहिलं' हे सिद्ध केलं की सुटका होते. पेटंटमध्ये होत नाही. स्वतःच्या डोक्याने शोधलंत तरी पेटंटमधला दावा, म्हणजे 'एवढं माझं' म्हणून त्यात आखलेली हद्द, मोडलात तो मोडलातच.

आणि तोच उपाय दोघांना सुचणं यात नवल काय? अडचण एक, यंत्र तेच, गणित तेच. जीआयएफ प्रकारच्या चित्रांची फाईल ज्या एलझेडडब्ल्यू पद्धतीने लहान करतात तिचंच बघा. मूळ कल्पना लेम्पेल आणि झिव या संशोधकांनी १९७७-७८ मध्ये छापली होती. १९८३ च्या जूनमध्ये आयबीएमच्या मिलर-वेगमन यांनी १ तारखेला आणि स्पेरी या कंपनीच्या टेरी वेल्च यांनी २० तारखेला, जवळपास एकाच पद्धतीसाठी अर्ज केले. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने दोघांनाही पेटंट दिलं! तपासणाऱ्यांनाच ती एक पद्धत आहे हे ओळखता आलं नाही, तर महापेच्या चार पोरांनी काय ओळखायचं? पुढे वेल्चचं पेटंट युनिसिस या कंपनीकडे आलं. जीआयएफ १९८७ मध्ये निघालं, जगभर पसरलं, आणि युनिसिसची पैशांची मागणी आली १९९४ च्या डिसेंबरात. त्या रागातून १९९५ मध्ये पीएनजी हा चित्रांचा नवा, त्या पेटंटपासून मोकळा प्रकार जन्मला.

अमेरिकेत तेव्हा आधी कोणाला सुचलं याला महत्त्व होतं, त्यामुळे वह्या, तारखा, साक्षीदार यांवर वर्षानुवर्षं भांडणं चालत. मार्च २०१३ पासून तिथेही आधी अर्ज करणाऱ्याचा हक्क मानतात. भांडण सोपं झालं, पण मागाहून स्वतंत्रपणे शोधणाऱ्याला काही मिळालं नाही.

आपल्याकडे पेटंट कायद्यात कलम ३(के) आहे: केवळ संगणक प्रोग्रॅम म्हणून पेटंट नाही. डिसेंबर २००४ च्या वटहुकुमाने ते सैल करू पाहिलं, २००५ मध्ये संसदेने तो बदल स्वीकारला नाही. पण त्यातल्या 'केवळ' या शब्दाचा अर्थ काय, यावर वाद चालूच आहेत. आणि ग्राहक अमेरिकेत असला की आपलं कलम ठाण्याची खाडीही ओलांडत नाही.

म्हणून तुम्हाला विनंती आहे. काही नवं सुचलं, आणि ते राखून ठेवायचं नसेल, तर कंपनीची परवानगी घेऊन तारखेसह छापा, सगळ्यांना वाचता येईल असं. नंतर कोणी त्याच गोष्टीवर अर्ज केला, तर तुमचं पान प्रायर आर्ट म्हणून, म्हणजे 'हे आधीच जगासमोर होतं' याचा पुरावा म्हणून, त्याच्यासमोर ठेवता येतं. आमच्याकडे तसं पान नव्हतं. फळा त्याच संध्याकाळी पुसला होता.