बर्लिनच्या बोलीतली ‘माय फेअर लेडी’

मंडळी, 25 ऑक्टोबर 1961 रोजी पश्चिम बर्लिनमध्ये, कान्टश्ट्रासेवरच्या ‘थेआटर डेस वेस्टेन्स’ या नाट्यगृहात ‘माय फेअर लेडी’चा जर्मन भाषेतला पहिला प्रयोग झाला. शहराच्या मधोमध, पुढे जिथे बर्लिनची भिंत उभी राहिली तिथे, काटेरी तारा पडल्या त्या 13 ऑगस्टला, म्हणजे त्याला जेमतेम 73 दिवस झाले होते. पूर्व बर्लिनमधले प्रेक्षक या थिएटरला एका रात्रीत पारखे झाले होते. प्रयोगानंतर दोनच दिवसांनी चेकपॉइंट चार्लीच्या नाक्यावर अमेरिकन आणि सोव्हिएत रणगाडे समोरासमोर उभे ठाकले. अशा दिवसांत बर्लिनकर एका फुलवालीचं गाणं ऐकायला जमले. फुलवाली लंडनची, कॉव्हेंट गार्डनच्या बाजारातली एलायझा. उच्चारशास्त्राचा प्रोफेसर हिगिन्स तिला घरंदाज बोलायला शिकवतो, ही नाटकाची गोष्ट. पण ती तोंड उघडायची तेव्हा बोली निघायची ती बर्लिनच्या गल्लीबोळांतली.

जर्मन रंगभूमीवर ब्रॉडवेचं, म्हणजे न्यूयॉर्कच्या रंगभूमीचं, संगीतक तेव्हा अगदीच नवं नव्हतं. ‘किस मी, केट’ 1955 मध्ये फ्रँकफुर्टला आणि 1956 मध्ये व्हिएन्नाच्या फोल्क्सओपरमध्ये झालं होतं. पण ‘माय फेअर लेडी’ची गोष्ट निराळी आहे. हे नाटक जर्मनांकडे पाहुणं म्हणून आलं, असं मला वाटत नाही. ते माहेरी आलं.

‘माय फेअर लेडी’ ज्यावर बेतलं त्या बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’चा जगातला पहिला प्रयोग लंडनला झालाच नव्हता. तो झाला 16 ऑक्टोबर 1913 रोजी व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरमध्ये, झीगफ्रीड ट्रेबिट्शच्या जर्मन अनुवादात. लंडनकरांना ते 11 एप्रिल 1914 ला पाहायला मिळालं. आपल्या नाटकांना संगीताचा हात लावू द्यायचा नाही, हा शॉचा हट्टही व्हिएन्नातूनच सुरू झाला. 1908 मध्ये ऑस्कर श्ट्राउसनं त्याच्या ‘आर्म्स अँड द मॅन’वरून तिथे ऑपेरेटा, म्हणजे हलकाफुलका ऑपेरा, केला होता, तो शॉला मुळीच रुचला नाही. 1950 मध्ये शॉ गेला आणि मगच ‘पिग्मॅलियन’ची वाट मोकळी झाली. त्याला चाली दिल्या त्या फ्रेडरिक लोव्हेनं. हा लोव्हे जन्मानं बर्लिनचा, 1901 सालचा. वडील एडमंड लोव्हे ऑपेरेटातले नावाजलेले गायक नट. 1924 मध्ये तो अमेरिकेला गेला. 15 मार्च 1956 ला न्यूयॉर्कच्या मार्क हेलिंजर थिएटरमध्ये नाटक उघडलं आणि त्याचे 2717 प्रयोग झाले. त्यातल्या वॉल्ट्झची, मार्चची लय कान देऊन ऐका. जुन्या बर्लिन-व्हिएन्नाच्या ऑपेरेटाचा वास तिला आहेच.

जर्मन शब्द बसवले ते रॉबर्ट गिल्बर्टनं. हाही बर्लिनचाच, आणि ऑपेरेटाचा संगीतकार जाँ गिल्बर्टचा मुलगा. 1930 च्या सुमारास अर्धा जर्मनी याची सिनेमातली गाणी गुणगुणत होता. 1933 मध्ये नाझी आले आणि या ज्यू गीतकाराला देश सोडावा लागला. आधी व्हिएन्ना, मग पॅरिस, मग न्यूयॉर्क. युद्धानंतर तो युरोपात परतला. एकानं चाली बांधल्या, दुसऱ्यानं त्यांवर शब्द बसवले, आणि दोघांच्याही कानात लहानपणीची तीच बर्लिनी बोली होती. त्या रात्री कारिन ह्यूब्नर एलायझा होती आणि पाउल हूबश्मिड हिगिन्स. पण माझ्या मते खरा नायक गिल्बर्टच.

आता त्याचं काम जवळून पाहू. मूळ इंग्रजी ओळ सगळ्यांना माहीत आहे: ‘द रेन इन स्पेन स्टेज मेनली इन द प्लेन’. दहा अक्षरं, आणि त्यांत ‘ए’ हा स्वर पाच वेळा. लंडनची फुलवाली त्या ‘ए’चा ‘आय’ करते, ‘राइन इन स्पाइन’ म्हणते. म्हणून ही ओळ म्हणजे तिच्या दुखण्यावर नेमकं बोट आहे. पाऊस, स्पेन, मैदान या अर्थाला तिथे फारशी किंमत नाही. ओळीचा शब्दशः अनुवाद केला तर जर्मनमध्ये दुखणंच उरत नाही, आणि तो प्रवेश कोसळतो.

म्हणून गिल्बर्टनं आधी बर्लिनी बोलीचं दुखणं शोधलं. ते आहे ‘ऊ’वर दोन टिंबं असलेल्या जर्मन स्वरात. हा स्वर मराठीत नाही. तो काढायचा असेल तर लांब ‘ई’ म्हणत राहायचं, जीभ तिळभर हलू द्यायची नाही, आणि नुसता ओठांचा चंबू करायचा. आपल्याकडचे शिकणारे इथे हमखास चुकतात: ओठांबरोबर जीभही मागे जाते आणि साधा ‘ऊ’ निघतो. बर्लिनच्या बोलीची चूक याच्या उलट असते. जीभ जागेवर असते, पण ओठ गोल होत नाहीत, म्हणून ‘ई’ उरतो. हिरव्याला प्रमाण जर्मन ‘ग्र्यून’ म्हणते. बोलीत ‘ग’चाही ‘य’ होतो, त्यामुळे बर्लिनकर म्हणतो ‘यरीन’.

त्यावरून ओळ झाली: ‘एस ग्र्यून्ट झो ग्र्यून, वेन श्पानिएन्स ब्ल्यूटन ब्ल्यूएन’. स्पेनमधली फुलं फुलतात तेव्हा सगळं कसं हिरवंगार होतं, असा अर्थ. फुलवालीच्या तोंडी फुलांची ओळ आली, हा वरचा फायदा. एलायझा ती म्हणते ‘एत यरीन्ट झो यरीन, वेन श्पानिएन्स ब्लीटन ब्लीएन’. आता ठेका बघा. चालीत पाच आघात आहेत. जर्मन ओळीत ते ग्र्यून्ट, ग्र्यून, श्पा, ब्ल्यू, ब्ल्यू यांवर पडतात, म्हणजे पाचांपैकी चार वेळा आघात बरोबर दुखऱ्या स्वरावर येतो. इंग्रजीत ‘रेन’, ‘स्पेन’, ‘मेन’ आणि ‘प्लेन’वर आघात पडतो, पाचवा बिचाऱ्या ‘इन’वर. हिशेब चारास चार सुटला. पाऊस गेला तरी स्पेन ठेवावाच लागला, कारण त्यापुढे वाद्यवृंद स्पॅनिश ठेक्यावर जातो आणि एलायझा, हिगिन्स आणि त्याचा मित्र पिकरिंग नाचू लागतात. स्पेनचं नाव गेलं असतं तर तो नाच कुठून आला, हे प्रेक्षकाला कळलंच नसतं.

चाल आधी आणि शब्द नंतर, हा प्रकार आपल्या संगीत नाटकाला नवा नाही. पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्या गाण्याचं नाव छापायची आपली जुनी पद्धतच आहे. तेव्हा कसरत काय असते, हे आपल्याला सांगायला नको. ‘आय कुड हॅव डान्स्ड ऑल नाइट’ या ओळीत सहा अक्षरं. ‘इश हेट गेटान्ट्स्ट हॉइट नाख्ट’ यातही सहाच. चौथ्या अक्षरावर तिथे ‘डान्स्ड’, इथे ‘टान्ट्स्ट’. सहाव्यावर तिथे ‘नाइट’, इथे ‘नाख्ट’. शेवटी दोन्हीकडे ‘आ’. हे सगळ्यांत मोलाचं. वरच्या स्वरावर गायिकेला तोंड उघडता आलं पाहिजे. तिथे ‘ई’ किंवा गोल ओठांचा स्वर आला की घसा आवळतो आणि सूर बारीक होतो.

सगळं मात्र असं जमून येत नाही. मूळ नाटकात ‘ह’चा एक धडा आहे: एलायझा ‘ह’ गिळते, म्हणून हिगिन्स तिला ज्योतीसमोर बोलायला लावतो. ‘ह’ नीट निघाला की ज्योत फडफडते. बर्लिनी बोलीत ‘ह’ असा गळत नाही, त्यामुळे यंत्र रंगमंचावर दिसतं झकास, पण त्याचं कामच नाहीसं होतं. हिगिन्सच्या पहिल्या गाण्यातही फरक पडतो. मुळात तो विचारतो, इंग्रज आपल्या मुलांना बोलायला का शिकवत नाहीत? जर्मनमध्ये तो म्हणतो, कसं बोलावं हे मुलांना कुणीच का शिकवू शकत नाही? ‘इंग्रज’ हा शब्द गळला, आणि एका समाजाला मारलेला टोला सगळ्यांसाठी सैल झाला. हे नुकसानच आहे. पण गिल्बर्टचाही नाइलाज होता, कारण स्वच्छ जर्मन बोलत इंग्रजांच्या इंग्रजीवर चिडणारा माणूस प्रेक्षकांना पटला नसता.

उलट अॅस्कॉटच्या घोड्यांच्या शर्यतीच्या प्रवेशात त्यानं बाजी मारली. 1914 मध्ये शॉच्या एलायझाची ‘ब्लडी’ ही एक शिवी सगळं लंडन हादरवायला पुरली होती. 1956 पर्यंत ती पार गुळगुळीत झाली, म्हणून संगीतकात एलायझा घोड्याला त्याच्या ढुंगणाचा उद्धार करत ओरडते. जर्मन एलायझा तिथेच मिरपूड टाकायची धमकी देते. प्रेक्षक नेमका तिथे फुटतो.

इथे एक अडचण समजून घ्यायला हवी. जर्मन भाषेत बोली ही आधी मुलखाची खूण असते, वर्गाची नंतर. म्युनिकचा प्रोफेसर बव्हेरियन ढंगात बोलला तर त्याचं कुणी काही कमी मानत नाही. लंडनसारखं ‘बोलीवरून पायरी’ हे गणित जिथे त्यातल्या त्यात जुळतं, ती शहरं म्हणजे बर्लिन आणि व्हिएन्ना. म्हणून बर्लिनी बोलीची निवड ही गिल्बर्टची निव्वळ गावची ओढ नव्हती. आणि चंबू न करण्याची सवय सॅक्सनीत, बव्हेरियात, ऑस्ट्रियातही आहे. बाकीचे शब्द स्थानिक बोलीत फिरवले तरी ‘ग्र्यून’ची ओळ तिथे जशीच्या तशी चालते. 1965 मध्ये नाटक भिंतीपलीकडे, पूर्व जर्मनीत ड्रेस्डेनच्या श्टाट्सओपेरेटेत पोचलं. मारिटा ब्योमे तिथे एलायझा होती.

त्यानंतर ते शहरोशहरीच्या नगर-नाट्यगृहांत गेलं आणि आजही तिथे होतं. या नाट्यगृहांची रीत न्यूयॉर्कहून वेगळी. पगारी वाद्यवृंद, कोरस आणि नर्तकसंच घरचाच असतो. आज ऑपेरा, उद्या गद्य नाटक, परवा हे. एकच नाटक रोज लागत नाही. त्यामुळे दोन प्रयोगांमध्ये आठवडे जातात आणि सगळ्यांत आधी बिघडतो तो हिगिन्स. त्याची गाणी अर्धी बोलायची असतात, सुरावर पूर्ण टेकायची नसतात. ऑपेराचा बॅरिटोन, म्हणजे मधल्या पट्टीचा गायक, ती भूमिका घेतो तेव्हा तो सवयीनं गाऊ लागतो, व्यंजनं मागे पडतात आणि तर्कटी माणसाचा प्रेमवीर होतो. गद्य नट घेतला तर तो ठेक्याच्या पुढे-मागे होतो, आणि संगीत-संचालकाला सगळा वाद्यवृंद त्याच्या श्वासावर थांबवून धरावा लागतो. दुसरा पर्याय अवघड, पण तोच बरोबर. एलायझाचीही एक नेहमीची चूक आहे. पहिल्या अंकातला ‘यरीन’ ती हशा घेण्यासाठी तोडून टाकते. तो ‘ई’ लांब आणि स्वच्छ आला नाही, तर मध्यरात्री ‘ग्र्यून’ म्हणताना पहिल्यांदा ओठ गोल होतात तेव्हा काय बदललं ते प्रेक्षकाच्या कानाला कळत नाही.

मराठीत पु. ल. देशपांड्यांनी 1975 मध्ये ‘ती फुलराणी’ केली तेव्हा वाट दुसरी धरली. गिल्बर्टनं गाव, माणसं, घोडे सगळं लंडनचं ठेवलं आणि फक्त जीभ बर्लिनची केली. पुलंनी गाव, माणसं, जीभ सगळंच इकडे आणलं. लंडनची एलायझा इथे मंजुळा झाली, आणि भक्ती बर्वेंनी ती उभी केली. आपलं दुखणं ‘न’ आणि ‘ण’चं, ‘आनि’ आणि ‘पानी’चं. पुलंची वाट रंगमंचावर जास्त भरीव वाटते. पण चाल तीच ठेवायची असेल तर ती परवडत नाही, कारण लोव्हेचा वाद्यवृंद लंडन सोडायला तयार होत नाही.

दोन्ही भाषांपुढे एक कोडं मात्र सारखंच आहे. इंग्रजीत एकच ‘यू’. जर्मनमध्ये ‘डू’ की ‘झी’, मराठीत ‘तू’ की ‘तुम्ही’, हे वाक्यागणिक ठरवावं लागतं. एलायझा चिडून एकटीच हिगिन्सला शिव्याशाप देते, तिथे जर्मन गाणं ‘डू’च्या आज्ञार्थानं सुरू होतं. मंजुळाही प्रोफेसरांच्या पाठीमागे ‘तुला शिकवीन चांगलाच धडा’ असंच म्हणते. शेवटच्या गाण्यात हिगिन्स एकटा घरी येतो आणि तिच्या चेहऱ्याची आपल्याला सवय झाल्याचं कबूल करतो: ‘इश बिन गेव्ह्योन्ट आन ईर गेझिश्ट’. जर्मनमध्ये ‘तिचा’ याला ‘ईर’, आणि आदरार्थी ‘तुमचा’ यालाही ‘ईर’. कागदावर पहिलं अक्षर लहान की मोठं एवढाच फरक. गाताना तोही नाही. जिला त्यानं कधी आदरानं हाक मारली नाही, तिच्याविषयी तो बोलतोय की तिच्याशी अदबीनं बोलतोय, हे नुसत्या कानाला सांगता येत नाही.