पहिला गेमिंग पीसी : पैसे कुठे घालायचे

भाव मी आज सांगणार नाही. रॅमचे आणि कार्डांचे दर इतके हलतात की आज सांगितलेला आकडा दिवाळीपर्यंत खोटा ठरेल. ५० हजार असोत की ७०, ते कुठे घालायचे एवढंच बोलू.

'आय सेव्हन गेमिंग पीसी, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड' ही जाहिरात तुम्ही पाहिली असेल. इथे आलेल्या पालकांना आय सेव्हन हा इंटेलचा प्रोसेसर म्हणजे सगळ्यात भारी, एवढं ऐकून माहीत असतं. पण आय सेव्हनच्या पुढचा मॉडेलचा आकडा वाचा. स्वस्तातल्या अशा पेटीत बऱ्याचदा आय सेव्हन २६०० निघतो. तो २०११ सालचा. २०२२ मध्ये आलेल्या आय थ्री १२१०० एफमध्येही तेवढेच ४ कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि ८ थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा) आहेत, तरी गेममध्ये तो या जुन्या आय सेव्हनला सहज मागे टाकतो, कारण त्याचा एकेक कोअर तेवढ्याच वेळात कितीतरी जास्त काम उरकतो. शिवाय २६०० वर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. राहिलं ते ४ जीबीचं कार्ड. ते जीटी ७३० असेल तर २०१४ चं. त्याची मेमरी संथ. गोदाम मोठं, पण दार चिंचोळं.

मग सुरुवात कुठून करायची? मॉनिटरपासून. पडदा १०८० पीचा, म्हणजे फुल एचडी, असेल तर त्याला पुरेल एवढंच कार्ड घ्या. आरएक्स ६६०० किंवा त्या ताकदीचं, ८ जीबीचं. बजेटचा तिसरा हिस्सा, जमलं तर त्याहून थोडा जास्त, इथेच जाऊ द्या. प्रोसेसर एएमडीचा रायझन ५ ५६०० पुरे. आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसतं, पण त्याला पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड जोडणाऱ्या रस्त्याच्या, चारच लेन आहेत. बी४५० किंवा ए५२० मदरबोर्डवर हा रस्ता जुन्या पिढीचा (पीसीआय एक्स्प्रेस ३) असतो, त्यामुळे त्यांचा वेग निम्मा होतो, आणि ४ जीबी मेमरी भरली की गेम अडखळू लागतो.

आता एसएमपीएस, म्हणजे पीसीच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझे पहिले पैसे इथेच बुडाले. कॅबिनेटसोबत एसएमपीएस आला होता, वर '५०० वॉट' असं ठळक छापलेलं. मेच्या एका रात्री लाईट गेली, परत आली, आणि फट् असा आवाज झाला. मदरबोर्डही गेला. वर्षभर साठवलेले पैसे होते ते. नंतर लेबल नीट वाचलं. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर दोघेही १२ व्होल्टच्या लाइनवर जगतात, आणि तिथे लिहिलेले अँपिअर गुणिले १२ केले तर ३०० वॉटही भरत नव्हते. दुकानात उभ्या उभ्या हा गुणाकार करा. ८० प्लसचा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो. आतली संरक्षणं कशी आहेत ते त्यावरून कळत नाही. ५५० वॉटचा, पाच वर्षं वॉरंटीचा घ्या. त्यासाठी रंगीत दिव्यांचे पंखे सोडावे लागले तर खुशाल सोडा. कॅबिनेट मात्र पुढून जाळीचं हवं. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात बंद काचेमागे कार्ड भाजून निघतं.

रॅम १६ जीबीची एक काडी घेण्याऐवजी ८ च्या दोन घ्या आणि बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी (रॅम छापील वेगाने चालवणारं सेटिंग) चालू करा. नाहीतर ३२०० च्या वेगाचे पैसे देऊन ती अनेकदा २१३३ किंवा २६६६ वरच चालत राहते. साठवणीला ५०० जीबीची एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी घ्या.

पुढच्या रांगेतल्या मुलीने विचारलं आहे, 'कार्डापुरते पैसे आत्ता नाहीतच, तर थांबू का?' थांबू नकोस. रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर घे, त्याच्या पोटातच ग्राफिक्स आहे. हलके गेम त्यावर नीट चालतात, फक्त रॅमच्या दोन काड्या हव्यातच, कारण ग्राफिक्सही त्याच रॅममधून जेवतं. एसएमपीएस मात्र आत्ताच ५५० वॉटचा घे. हा प्रोसेसर पीसीआय एक्स्प्रेस ३ वरच चालतो, म्हणून पुढेही ते चार लेनवालं कार्ड घेऊ नकोस. आणि नवं कार्ड बसवशील त्या दिवशी मॉनिटरची केबल मदरबोर्डवरून काढून कार्डाला लाव.