एका धड्याला किती दारं?

(पुण्यातील शिक्षक आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. विषय आहे बहुविध बुद्धिमत्ता आणि आपला वर्ग. पण आधी एका धंद्याबद्दल बोलून घेतो, म्हणजे पुढचं मोकळेपणाने बोलता येईल. मुलाच्या दहाही बोटांचे ठसे घ्यायचे, संगणकात घालायचे आणि रंगीत अहवाल पालकांच्या हातात ठेवायचा: सांगीतिक बुद्धी इतके टक्के, गणिती इतके टक्के. काही हजार रुपये मोजून आलेले असे अहवाल पालकसभेत माझ्यासमोर ठेवले जातात. बोटांवरच्या रेषा मूल जन्मायच्या आधी, गर्भातच तयार होतात. त्यांच्यावरून बुद्धीचा कल सांगता येतो याला शास्त्रीय आधार नाही. आपल्या देशातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही हे स्पष्ट केलं आहे. बहुविध बुद्धिमत्तेची कल्पना मांडणाऱ्या ज्या हॉवर्ड गार्डनर यांचं नाव त्या अहवालांत छापलेलं असतं, त्यांच्या मांडणीत ठशांचा ठ सुद्धा नाही. इथे कुणाकडे तसा अहवाल असेल तर तो मुलाला तरी दाखवू नका.

आता गार्डनर. हार्वर्डचे हे मानसशास्त्रज्ञ बॉस्टनच्या रुग्णालयात मेंदूला इजा झालेल्या माणसांचा अभ्यास करत होते. पक्षाघातानंतर एखाद्याची भाषा जाते, पण सूर शाबूत राहतो. शेबालिन नावाच्या रशियन संगीतकाराचं उदाहरण प्रसिद्ध आहे: बोलणं आणि समजणं दोन्ही कोलमडलं, तरी तो सिंफनी रचत राहिला. बुद्धी ही एकच वस्तू असती, तर ती अशी तुकड्यातुकड्याने कशी गेली असती? हा प्रश्न घेऊन गार्डनर यांनी १९८३ साली सात बुद्धिमत्ता मांडल्या: भाषिक, तार्किक-गणिती, अवकाशीय, सांगीतिक, शारीरिक, माणसं ओळखण्याची आणि स्वतःला ओळखण्याची. पुढे निसर्गविषयक ही आठवी आली. नवव्या, म्हणजे अस्तित्वाच्या प्रश्नांविषयीच्या बुद्धिमत्तेबद्दल ते स्वतःच अडखळतात आणि थट्टेने ‘साडेआठ’ म्हणतात.

ही मांडणी सर्व मानसशास्त्रज्ञांना मान्य आहे असं समजू नका. बरेचसे म्हणतात, या स्वतंत्र बुद्धिमत्ता नव्हेत. एका चाचणीत पुढे असणारी मुलं सरासरीने दुसरीतही पुढे असतात, हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ स्पिअरमन यांनी १९०४ मध्येच दाखवलं होतं आणि ते आजही पुन्हा पुन्हा दिसतं. मला तो वाद इथे सोडवायचा नाही. पुण्यात तर बुद्धीचे अनेक घटक मानून काम करण्याची परंपरा जुनी आहे. १९६२ साली सुरू झालेल्या ज्ञानप्रबोधिनी या शिक्षणसंस्थेत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांच्या, बुद्धीचे अनेक घटक मानणाऱ्या प्रतिमानावर काम झालं, तेव्हा गार्डनर यांचं पुस्तक यायचं होतं. शिक्षक म्हणून माझा प्रश्न साधा आहे: उद्या तिसऱ्या तासाला याचा उपयोग काय?

एक उपयोग मुळीच नाही: मुलांची वाटणी. हा ‘दृश्य’, ती ‘श्राव्य’, तो ‘हालचालवाला’. मुलाच्या आवडत्या शैलीतच शिकवलं तर ते जास्त शिकतं, या दाव्याची तपासणी झाली आणि भक्कम पुरावा मिळाला नाही. गार्डनर यांनीही जाहीरपणे लिहिलं आहे की त्यांच्या बुद्धिमत्ता म्हणजे शिकण्याच्या शैली नव्हेत. एखाद्या मुलीला वाचताना अक्षरं लागत नसतील, तर ‘तिची बुद्धी हाताची आहे, तिला चित्रं काढू द्या’ म्हणून मोकळं होणं हा तिच्यावर अन्याय आहे. वाचन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात नोंदलेली आहे. तिला तपासणी हवी, सवलती हव्यात, आणि वाचायला शिकवणारा माणूस हवा. चित्रं ती काढेलच.

दुसरी गल्लत जरा गोड आहे. बाराचा पाढा चालीवर म्हणून घेतला की आपण म्हणतो, सांगीतिक बुद्धी वापरली. चालीने पाढा पाठ होतो, ते चांगलंच. पण गुणाकार म्हणजे काय ते त्या चालीत नाही. आता हे बघा. पाचवीच्या मुलाला विचारा, एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? निम्मा वर्ग चतुर्थांश म्हणतो, कारण चार तीनपेक्षा मोठे. त्याच वर्गात तबला शिकणारं एखादं मूल असतंच. त्याला एका मात्रेत एक बोल वाजवायला सांगा, मग दुगुन, तिगुन, चौगुन. (सभागृहात एक-दोघांनी बोटांनी हिशेब सुरू केला आहे, दिसतंय मला.) टाळी तीच, तेवढ्याच अंतराने पडते. तिगुनीत एका मात्रेत तीन बोल, चौगुनीत चार. मग कुठल्या लयीत एका बोलाला कमी जागा मिळाली? छेद वाढला की वाटा लहान होतो, हे इथे कानाला कळतं. यात संगीत शोभेसाठी आलेलं नाही, गणितच लयीत आहे. आणि हे ज्याला तबला येतो त्याच्यापुरतं नाही, टाळी धरणाऱ्या सगळ्या वर्गासाठी आहे.

गार्डनर यांनी याला प्रवेशद्वारं म्हटलं आहे: गोष्टीचं, आकड्यांचं, मूळ प्रश्नाचं, कलेचं, हाताने करण्याचं. एकाच विषयात वेगवेगळ्या दारांनी शिरायचं.

आपल्या जवळचं उदाहरण घेऊ, पुरंदरचा तह. आपण तो कसा शिकवतो? १६६५, मिर्झाराजे जयसिंह, २३ किल्ले दिले, १२ राहिले, पुढचा धडा आग्रा. फळ्यावर दोन ओळी. मी हा तह चार तास चालवतो. पहिल्या तासाला फक्त आकडे. २३ किल्ले आणि वर्षाला चार लाख होन (तेव्हाची सोन्याची नाणी) उत्पन्नाचा मुलूख दिला; १२ किल्ले आणि एक लाख होनांचा मुलूख राखला. मुलं भागाकार करतात आणि दचकतात: दिलेल्या दर किल्ल्यामागचं उत्पन्न राखलेल्याच्या दुपटीहून जास्त! मग राखलेले बारा कशासाठी निवडले असतील? इथे वर्गात जो आवाज होतो, तो ऐकून शेजारच्या वर्गातल्या बाई दार लावून घेतात.

दुसरा तास मातीचा. दिवाळीत किल्ले करणारं आपलं गाव, मुलांच्या हाताला डोंगर ठाऊक असतो. मैदानावर पुणे, नीरेचं आणि गुंजवणीचं खोरं, सिंहगड, पुरंदर, राजगड, तोरणा मांडायचे. दिलेल्या गडांवर एका रंगाचे झेंडे, राखलेल्यांवर दुसऱ्या. कोंढाणा आणि पुरंदर गेले, राजगड आणि तोरणा राहिले. एरवी वहीत काही न लिहिणारी मुलं इथे वाकून, एक डोळा मिटून, या गडावरून तो गड दिसेल का ते बघतात. तिसऱ्या तासाला वाटाघाटी: दोन गट, मध्ये एक कारकून, प्रत्येक अट मोठ्याने वाचायची आणि ती का मान्य करतो ते बोलायचं. समोरच्याला काय हवंय हे ओळखणारं मूल कोण, ते इथे कळतं. ते बहुधा पहिल्या बाकावरचं नसतं. चौथ्याला मूळ प्रश्न: माघार म्हणजे हार का? १६७० मध्ये कोंढाणा परत घेतला हे त्यांना माहीत असतं, त्यामुळे वाद रंगतो.

यात निसर्गविषयक बुद्धी मी घातलेली नाही. घालायचीही नाही. आठही खाती प्रत्येक धड्यात भरायची सक्ती केली की तो तास म्हणजे सरकारी तक्ता होतो. गार्डनर यांनाही हे वाया गेलेले श्रम वाटतात. एखाद्या धड्याला दोनच दारं असतात, व्याकरणातल्या काही भागांना तर एकच; तिथे सराव करून घ्यायचा आणि पुढे जायचं.

“सर, पंचेचाळीस मुलं, पस्तीस मिनिटांचा तास, चार तास कुठून आणायचे?” बरोबर आहे, प्रत्येक धड्याला नाहीच मिळणार. सत्रात दोन किंवा तीन घटक निवडा, ज्यांच्यावर पुढचं बरंच उभं आहे असे. अपूर्णांक, क्षेत्रफळ, इतिहासातला एखादा तह. बाकीचे नेहमीसारखे.

“आणि शेवटी पेपर तर लेखीच ना?” हो, लेखीच. तहाच्या चौथ्या तासानंतर मीही सगळ्यांकडून एक पान लिहून घेतो, माती कालवणाऱ्यांकडूनसुद्धा. फक्त आता त्यांच्याकडे लिहायला काहीतरी असतं. आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या नोंदवहीत तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प हे रकाने आहेतच. त्यात वाटाघाटीच्या तासाला कोण काय बोललं ते लिहा. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांतून आणलेला तयार तक्ता चिकटवून प्रकल्पाचे गुण देणं मात्र या सत्रापासून बंद करा.