चार भिंती, एकही गायकवाड नाही

[ड्रोन: शिखर, टोकापासून हळूहळू खाली]

आधी अगदी वर बघा, टोकाला. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी, आणि त्या पृथ्वीवर भारताचा नकाशा आहे, फाळणीच्या आधीचा, म्हणजे लाहोर-ढाका सगळं आत. 1936 ची इमारत आहे, त्यावेळी दुसरा नकाशा नव्हताच. खालून जाणाऱ्याला हे धड दिसत नाही म्हणून तर ड्रोनचा हट्ट धरला होता.

हे बडोद्याचं कीर्तिमंदिर. नेटवर नुसतं कीर्तिमंदिर टाकलं तर पोरबंदरचं येतं, गांधीजींच्या जन्मघराचं, आणि रिक्षावाल्याला सांगितलं तर तो कीर्तिस्तंभाला नेऊन सोडेल, तो पण बडोद्यातच आहे पण वेगळा. आपलं हे विश्वामित्री नदीजवळचं. गायकवाड घराण्यातल्या गेलेल्या माणसांची आठवण राहावी म्हणून तिसऱ्या सयाजीराव महाराजांनी बांधून घेतलं, त्यांच्या राज्याला साठ वर्षं झाली त्या निमित्तानं.

[शॉट: खांब, झरोके, घुमट. ऊन सरकताना]

आपल्या मराठी संस्थानिकांची रीत म्हणजे छत्री, गेलेल्या माणसाच्या आठवणीची घुमटीसारखी इमारत. इंदूरला राजवाड्याजवळ कृष्णपुऱ्यात होळकरांच्या, ग्वाल्हेरला लष्कर भागात शिंद्यांच्या, शिवपुरीला तर माधवराव शिंद्यांच्या छत्रीत मूर्तीला कपडेसुद्धा बदलतात. माणूस गेला की छत्री उभी राहते. सयाजीरावांनी सगळं घराणं एका छपराखाली आणलं. खोल्यांमधे तसबिरी, पुतळे, आणि मधे हे उंच शिखर. खोल्या आम्ही फारशा शूट केल्या नाहीत, खरं सांगायचं तर तसबिरी तुम्ही कुठेही बघाल.

ह्या माणसाला पूर्वजांचं एवढं का, त्याला मागे गोष्ट आहे. जरा लांब आहे पण ऐका, चित्रं येईपर्यंत वेळ आहे.

[शॉट: जुने फोटो, एकामागून एक]

घराण्याचे मोठे म्हणजे पिलाजीराव, 1732 ला डाकोरला त्यांना दग्यानं मारलं. मग दमाजीराव, जे 1761 ला पानिपतावर होते आणि तिथून जिवंत परत आले. पुढे बरेच झाले, ते सोडू. 1870 ला खंडेराव महाराज गेले, गादीवर भाऊ मल्हारराव बसले आणि चार-पाच वर्षांत असा गोंधळ झाला की पुढे बडोद्याचं नावच बदनाम. इंग्रज रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रज सरकारचा माणूस, कर्नल फेअर, त्याच्या सरबतात विष घालायचा प्रयत्न केला असा आरोप थेट महाराजांवर आला, आर्सेनिक आणि हिऱ्याची पूड. चौकशीला कमिशन बसलं, तीन इंग्रज आणि तीन आपले, ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. इंग्रज म्हणाले दोषी, आपले तिघं म्हणाले सिद्ध होत नाही. म्हणजे तीन-तीन. तरी इंग्रज सरकारनं कारभार वाईट आहे म्हणून मल्हाररावांना 1875 ला गादीवरून काढलं आणि मद्रासला पाठवलं, ते तिकडेच 1882 ला वारले.

मग वारस कुठून आणायचा? खंडेरावांच्या पत्नी जमनाबाईसाहेब, त्यांनी दत्तक घ्यायचं ठरवलं आणि शोध जाऊन पोचला नाशिक जिल्ह्यात, मालेगावजवळच्या कौळाण्याला. तिथल्या गायकवाडांचा गोपाळ, 1863 चा जन्म, म्हणजे बारा वर्षांचं पोर. बडोद्याला आणलेल्या मुलांना म्हणे विचारलं कशाला आलात, आणि गोपाळ म्हणाला राज्य करायला. खरं-खोटं देव जाणे, बडोद्यात मात्र ती गोष्ट न ऐकलेला माणूस नाही. 27 मे 1875 ला दत्तकविधान झालं आणि गोपाळचे सयाजीराव झाले.

म्हणजे बघा, जे घराणं त्यांनी इथे दगडात उभं केलं त्यात ते स्वतः बाहेरून आले होते. मला तरी वाटतं की ज्याला घर आयतं मिळतं त्याला पूर्वजांचं एवढं पडलेलं नसतं.

[शॉट: सेंट्रल लायब्ररी, शाळेची मुलं, बँकेची जुनी पाटी. फास्ट कट]

त्यांनी काय-काय केलं ते शाळेत झालंय सगळ्यांचं. 1893 ला अमरेलीत सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, 1906 ला ते अख्ख्या राज्यात, 1908 ला बँक ऑफ बडोदा, 1910 ला सेंट्रल लायब्ररी. 1913 ला शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं. तेच आंबेडकर 1917 ला बडोद्यात नोकरीला आले आणि त्यांना ह्या शहरात राहायला जागा मिळाली नाही, सयाजीबागेत ज्या झाडाखाली ते तेव्हा बसले तिथलं शूट आमच्याकडे नाही.

आता आत चला.

[शॉट: दारातून आत. अंधार, मग हळूहळू मधला हॉल]

डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागतो, कॅमेऱ्याला पण लागला, म्हणून हा शॉट कापला नाही.

ह्या भिंती रंगवल्या नंदलाल बोस ह्यांनी. शांतिनिकेतनचे नंदलालबाबू, ज्यांनी 1938 च्या काँग्रेसच्या हरिपुरा अधिवेशनाला गांधीजींच्या सांगण्यावरून पोस्टर्स केली, आणि ज्यांनी आणि ज्यांच्या विद्यार्थ्यांनी पुढे आपल्या राज्यघटनेची पानं सजवली. तरुणपणी अजिंठ्याला जाऊन त्यांनी भिंतीवरची चित्रं उतरवून काढली होती, 1921 ला मध्य प्रदेशातल्या बाघच्या गुंफांमधे त्यासाठीच गेले, तेव्हा त्या ग्वाल्हेर राज्यात होत्या. म्हणजे भिंत त्यांना नवीन नव्हती. आणि रेघ बघा त्यांची! कुठेच अडखळत नाही. इतक्या मोठ्या भिंतीवर एवढी लांब रेघ ओढायची म्हणजे नुसता हात नाही, अख्खं अंग हलवावं लागतं.

एका दमात झालं नाही हे काम. 1939 ते 1946, बंगालातून यायचं, बरोबर विद्यार्थी, राहायचं, एक भिंत करायची, परत जायचं. कागदावर छोटं स्केच, ते मोठं करायचं, भिंतीवर रेघ धरायची, मग रंग. मधे महायुद्ध चालू, बेचाळीसचं आंदोलन, बंगालात दुष्काळ. आणि भिंती होत गेल्या, एकेक.

[शॉट: गंगावतरण, खूप हळू पॅन]

पहिली, 1939. गंगावतरण. भगीरथाचे पूर्वज राख होऊन पडलेत, सगराचे साठ हजार मुलगे, आणि त्यांना मुक्ती मिळावी म्हणून हा गंगेला खाली आणतो. पूर्वजांच्या स्मारकात पहिलं चित्र हेच पाहिजे होतं, दुसरं कुठलं चाललंच नसतं. सयाजीराव त्याच वर्षी 6 फेब्रुवारीला मुंबईत वारले.

[शॉट: मीरा. निवेदन थांबवा, फक्त चित्र, दहा-बारा सेकंद]

मीरा. मेवाडच्या राजघराण्याची सून, महाल सोडून निघालेली. राणानं तिला विषाचा प्याला पाठवला अशी कथा आहे, आणि ती प्याली तरी वाचली. विषाच्या एका भानगडीमुळे ज्याला गादी मिळाली त्याच्या मंदिरात ही बाई आहे. नंदलालबाबूंच्या मनात असं काही असेल असं मी म्हणत नाही, पण इथे उभं राहिलं की आठवतंच.

[शॉट: नटीर पूजा, क्लोजअप, हात, पायातले दागिने]

तिसरी भिंत, नटीर पूजा. रवींद्रनाथांच्या नाटकातली गोष्ट. अजातशत्रू राजानं बुद्धाची पूजा बंद केली, करेल त्याला मरण. श्रीमती ही दरबारातली नर्तकी, तिला हुकूम होतो की स्तूपापुढे नाच, म्हणजे पूजेची टिंगल होईल. ती नाचते, आणि नाचता-नाचता एकेक दागिना काढून टाकत जाते, नाचच पूजा होतो. तिला तिथेच मारतात. म्हणजे राजाचा हुकूम न मानणारी नर्तकी, आणि ती कुठे काढलीय, तर राजांच्या स्मारकात. दिवाणखान्यात लावायला असं चित्र कोणी घेईल का सांगा! बडोद्यानं भिंत दिली.

[शॉट: अभिमन्यू]

आणि शेवटची, कुरुक्षेत्र, अभिमन्यूवध. सोळा वर्षांचं पोर आणि भोवती सगळे मोठे-मोठे महारथी. सयाजीरावांचे तीन मुलगे त्यांच्या डोळ्यांदेखत गेले, 1908, 1919 आणि 1923 ला. गादी नातवाकडे गेली, प्रतापसिंहरावांकडे.

[शॉट: चारही चित्रं, वाइड, सावकाश फिरत]

आता चारही एकत्र बघा आणि शोधा, ह्यात गायकवाड कुठे आहे? दमाजीराव घोड्यावर, पिलाजीराव लढाईत, दरबार, हत्ती, तोफा, काही नाही. ज्याच्या पैशानं भिंत उभी राहिली तोसुद्धा नाही. एक राजा आहे, पण तो तप करतोय. एक राणी आहे, ती घर सोडून चाललीय. मला कोणी म्हणालं की बडोदं मोठं का, तर मी लक्ष्मीविलास पॅलेस नाही दाखवणार, इथे आणीन. आपल्यातलेच लोक, दांडिया बाजारचे, रावपुऱ्यातले, पाहुणे आले की पॅलेस दाखवतात, म्युझियम दाखवतात, सेव-उसळ खाऊ घालतात आणि ह्या दारावरून गाडी पुढे काढतात. त्यात आमच्या टीममधले पण आहेत, नावं घेत नाही.

[शॉट: बाहेर, रस्ता, ट्रॅफिक. मग फाईन आर्ट्सचं आवार]

पुढचं भराभर सांगतो. 1 मे 1949 ला बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. त्याच वर्षी महाराजा सयाजीराव विद्यापीठ, 1950 ला फाईन आर्ट्स फॅकल्टी, चित्रकलेला नारायण श्रीधर बेंद्रे आले, मूळचे इंदूरचे, आणि 1951 ला के. जी. सुब्रह्मण्यन, शांतिनिकेतनात शिकलेले.

शाळांच्या सहली काढणारे सर-मॅडम कोणी बघत असतील तर पॅलेसच्या यादीत हे पण धरा. मुलांना चित्रं समजावायला कोणीतरी पाहिजे, नाहीतर ती पाच मिनिटांत बाहेर येऊन आईस्क्रीम मागतील. फाईन आर्ट्सची पोरं फार लांब नाहीत, त्यांना सांगून बघा, चहावर येतील.