आधी कुत्रा ऐका

अठराव्या शतकातला इटालियन संगीतकार विवाल्दी याच्या ‘फोर सीझन्स’ची ध्वनिमुद्रणं शेकड्यांनी आहेत. त्यातलं कुठलं घ्यावं असं कुणी विचारलं, की मी उलट विचारतो, ‘स्प्रिंग’मधला कुत्रा ऐकलात का?

थट्टा नाही करत. चार ऋतूंवरचे हे चार कॉन्चेर्टो (म्हणजे मुख्य वादक आणि साथीचा वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचना) १७२५ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये छापले गेले, प्रत्येकासोबत एक सुनीत जोडून. ‘स्प्रिंग’च्या मधल्या संथ भागात एक गुराखी झोपलाय, पानं सळसळतायत आणि शेजारी त्याचा इमानी कुत्रा आहे. मुख्य व्हायोलिन म्हणजे ती झोप, साथीची व्हायोलिनं म्हणजे पानं, आणि व्हिओला, म्हणजे व्हायोलिनचा थोरला, खालच्या सुरांतला भाऊ, दोन-दोन सुरांत भुंकतो. विवाल्दीनं व्हिओलावाल्यासाठी लिहून ठेवलंय, की हे सतत खूप जोरात आणि ओरबाडल्यासारखं वाजवायचं. म्हणजे बाकी सगळे हलक्या हातानं वाजवत असताना एकट्यानं खरखरीत व्हायचं. फार अवघड जागा आहे ही. कलाकारांनी कागद किती मनावर घेतलाय, ते इथं कळतं.

रोमच्या ‘इ म्युझिची’ संघाचं, मुख्य व्हायोलिनवादक फेलिक्स आयो यांचं १९५९ चं मुद्रण घ्या. सूर देखणा, गोल. पण कुत्रा मात्र मालकाची झोप मोडू नये म्हणून दबकत भुंकतो. मग १९७७ मध्ये वाद्यवृंद-संचालक निकोलाउस हार्नोनकूर यांचं व्हिएन्नाचं मुद्रण आलं. व्हायोलिनवर त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस. विवाल्दीच्या काळासारख्या आतड्याच्या तारा, जुन्या घडणीचा हलका गज. तिथला कुत्रा खरंच भुंकतो. तेव्हा कित्येकांना ते कर्कश वाटलं असणार. मला आजही त्याचे काही भाग रांगडे वाटतात, तरी ते मुद्रण मी कुणाला देऊन टाकणार नाही. पुढे व्हायोलिनवादक फाबिओ बिओन्दी आले, मिलानचा ‘इल जार्दिनो आर्मोनिको’ हा संघ आला, आणि वादळ, गारा, थंडीनं वाजणारे दात हे सगळं अंगावर यायला लागलं.

दुसरी जागा ‘विंटर’च्या मधल्या भागातली. बाहेर पाऊस, आत शेकोटी. साथीची व्हायोलिनं तारा छेडून थेंब पाडतात. कुणी हा भाग दोन मिनिटांहून जास्त रेंगाळवतो, कुणी दीड मिनिटात आटोपतो. इथं मुख्य वादक काय करतो ते बघा. छापलेले सूर तेवढेच वाजवणं त्या काळी अपेक्षित नव्हतं. आपला गवई बंदिशीची ओळ दुसऱ्यांदा घेताना जसा काही भर घालतो, तशी भर इथंही हवी. व्हायोलिनवादक जुलियानो कार्मिन्योला ती फार सुंदर घालतात.

मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांचं १९८२ चं तेल अवीवचं मुद्रणही अनेकांकडे असेल. चार ऋतूंना चार व्हायोलिनवादक: स्टर्न, झुकरमन, मिंट्झ आणि पर्लमन. ते त्या चौघांसाठी ऐकावं, विवाल्दीसाठी नव्हे.

पण जुन्या शैलीचा हा नियम फार ताणू नका. बाखचा दोन व्हायोलिनांचा डी मायनर कॉन्चेर्टो सोळा वर्षांच्या व्हायोलिनवादक मेन्यूइननी १९३२ मध्ये गुरू एनेस्कू यांच्यासोबत मुद्रित केला. बरोक, म्हणजे विवाल्दी-बाखच्या काळच्या, शैलीच्या आजच्या कसोटीवर तो कुठंच बसत नाही. तरी मधला भाग सुरू झाला की कसोट्या आठवत नाहीत.

आणि ‘फोर सीझन्स’ची तीन मुद्रणं जमली असतील तर चौथं कृपया घेऊ नका. त्याच पैशात व्हायोलिनवादक रेचल पॉजर यांचं ‘ला स्त्रावागान्झा’ घ्या. विवाल्दीचेच बारा कॉन्चेर्टो, आणि कानावर घासून गुळगुळीत झालेला त्यात एकही नाही. मी पहिला लावतो, बी फ्लॅट मेजरमधला.