आजचा आकडा आणि नेहमीची पातळी

अध्यक्षमहोदय आणि मित्रहो,

रक्त गोठण्याच्या चाचण्यांविषयी नागपुरात बोलायचे तर २०२१ च्या एप्रिलपासून सुरुवात करावी लागते. तोवर ‘डी-डायमर’, म्हणजे गुठळी विरघळताना रक्तात उतरणारा तुकडा, हा शब्द डॉक्टरांच्या खोलीबाहेर फारसा पडत नसे. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तो घराघरांत पोहोचला. त्या दिवसांत एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे फाइल घेऊन आले. पहिल्या रिपोर्टवर ०.९२, चार दिवसांनंतरच्या दुसऱ्यावर ४८०. “डॉक्टरसाहेब, पाचशे पट वाढलं ना जी,” असे म्हणताना त्यांचा आवाज कापत होता. आकड्याशेजारी बारीक अक्षरांत छापलेले एकक त्यांनी पाहिले नव्हते, आणि खरे सांगायचे तर ते पाहण्याची अपेक्षा त्यांच्याकडून का करावी? पहिला आकडा मायक्रोग्रॅममध्ये होता, दुसरा नॅनोग्रॅममध्ये. शिवाय एका प्रयोगशाळेने ‘एफईयू’ हे एकक वापरले होते आणि दुसरीने ‘डीडीयू’, ज्यात तेच प्रमाण साधारण निम्म्या आकड्याने लिहिले जाते. एकाच मापात आणल्यावर दोन्ही आकडे ९२० आणि ९६० च्या आसपास आले. म्हणजे चार दिवसांत काही घडलेलेच नव्हते.

एककांचा घोळ निस्तरता येतो. त्याहून अवघड प्रश्न असा, की माणूस तोच, प्रयोगशाळा तीच, यंत्र तेच, तरीही दोन वेळचे आकडे वेगळे येतात आणि दोन्ही बरोबर असतात. यकृतात तयार होणारे फायब्रिनोजेन, म्हणजे गुठळीचे धागे ज्यापासून बनतात ते प्रथिन, साधारणपणे डेसिलिटरला २०० ते ४०० मिलिग्रॅम असते. पण दाढ सुजली किंवा ताप येऊन गेला, की ते वाढते आणि त्याचे अर्धायुष्य, म्हणजे प्रमाण निम्मे व्हायला लागणारा काळ, सुमारे चार दिवसांचे असल्याने लगेच खाली उतरत नाही. रक्त गोठवणाऱ्या घटकांपैकी सातव्या घटकाचे अर्धायुष्य जेमतेम चार ते सहा तासांचे, आणि सावजीच्या तर्रीसारखे तेलकट जेवण झाल्यावर काही तास त्याची क्रियाशीलता वाढलेली राहते. गुठळी विरघळण्याला आवर घालणारे पीएआय-१ सकाळी जास्त असते व दुपारनंतर उतरते. म्हणून रिपोर्ट वाचताना आकड्याइतकेच महत्त्व रक्त केव्हा आणि कशा अवस्थेत घेतले याला आहे.

मग दोन रिपोर्टांतला फरक खरा कधी मानायचा? त्याचे एक सूत्र आहे. त्या व्यक्तीतला नैसर्गिक चढउतार आणि यंत्राची त्रुटी, दोन्ही टक्क्यांत घ्यायच्या, त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचे आणि त्याला २.७७ ने गुणायचे. फायब्रिनोजेनचा नैसर्गिक चढउतार १० टक्के व यंत्राची त्रुटी ५ टक्के धरली, तर उत्तर सुमारे ३१ टक्के येते. याचा अर्थ ३०० चे ३४० झाले म्हणून औषध बदलण्याचे कारण नाही. ४०० झाले तर मात्र विचार करावा लागेल. डी-डायमर याहूनही चंचल असल्याने त्याच्या बाबतीत ही मर्यादा ५० टक्क्यांच्याही वर जाते.

संशोधनात हीच चंचलता वेगळ्या रूपाने आडवी येते. हजारो लोकांचे रक्त एकदाच तपासून पुढे दहा वर्षे कोणाला हृदयविकार झाला हे पाहिले, तर पहिल्या दिवशी ‘उच्च’ गटात पडलेल्यांपैकी काही जण केवळ त्या दिवसापुरते उच्च असतात. फेरतपासणीत ते सरासरीकडे सरकतात, आणि त्यामुळे घटक व आजार यांचा संबंध प्रत्यक्षापेक्षा फिका दिसतो. २००५ साली फायब्रिनोजेनवरच्या ३१ अभ्यासांतील १,५४,२११ व्यक्तींचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात पुन्हा घेतलेल्या मापांच्या आधारे ही त्रुटी दुरुस्त करून संबंध मांडला गेला. संबंध दिसला, पण त्यावरून फायब्रिनोजेन हेच आजाराचे कारण ठरत नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो.

आता आपल्या उन्हाळ्याची गोष्ट. नवतपा सुरू होता. मासिक पाळीत अतिरक्तस्राव होणाऱ्या एका मुलीचे रक्त तालुक्याहून मोटारसायकलवर आले. पारा ४५ च्या वर, म्हणून आणणाऱ्या मुलाने काळजीपोटी निळ्या टोपणाची नळी थेट बर्फाच्या पिशवीला टेकवून ठेवली होती. तिचे वॉन विलेब्रांड घटकाचे, म्हणजे जखमेपाशी गुठळी धरायला मदत करणाऱ्या प्रथिनाचे, प्रमाण कमी आले आणि मी रक्तस्रावाच्या आजाराची शंका लिहून मोकळा झालो. पंधरवड्याने ती स्वतः आली, आमच्याकडेच रक्त घेऊन लगेच प्लाझ्मा वेगळा केला, तर प्रमाण व्यवस्थित! पूर्ण रक्त बर्फाजवळ ठेवले, की हा घटक आणि आठवा घटक दोन्ही खोटे कमी दिसू शकतात. मी नळी कशी आली हे विचारायला हवे होते. ते पंधरा दिवस त्या मुलीची आई काय विचार करत राहिली असेल, हे मी तिला विचारू शकलो नाही.

काही निदानांच्या व्याख्येतच काळ घातलेला आहे. ‘ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट’, म्हणजे गुठळ्यांचा धोका वाढवणारे एक प्रकारचे प्रतिपिंड (अँटिबॉडी), एकदा आढळून भागत नाही. किमान १२ आठवड्यांच्या अंतराने ते पुन्हा आढळावे लागते. २००६ पूर्वी हे अंतर सहा आठवड्यांचे होते. संसर्गाने तात्पुरते येणारे प्रतिपिंड गळून पडावेत, यासाठी ते वाढवले गेले.

विदर्भात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, ती सिकलसेलची, म्हणजे तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकणाऱ्या आनुवंशिक आजाराची. या रुग्णांचा डी-डायमर, काहीही दुखत नसतानाही, चढलेलाच असतो. फुप्फुसात गुठळी असल्याची शंका घेऊन असा रुग्ण रात्री दोन वाजता आला, तर छापील मर्यादेशी केलेली तुलना फारशी कामाची नसते. हाताशी लागतो तो त्याचाच बऱ्या दिवसातला आकडा. म्हणून आमच्या विभागात असे बऱ्या दिवसातले दोन-तीन आकडे, तारीख आणि एककासह, फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिले जातात.