तेल कॉकपिटमधूनच ओता!

मंडळी, मालदीवला जाऊन आलेले कोण कोण आहेत इथे? बरेच हात वर दिसतायत. मालेहून रिसॉर्टला नेणारं, पाण्यावर उतरणारं ते दोन पंख्यांचं विमान आठवतंय? ते ट्विन ऑटर. जन्मगाव डाउन्सव्ह्यू, टोरोंटो. त्याचं थोरलं भावंड ऑटर आणि मोठं मालवाहू कॅरिबू ही दोन्ही आपल्या हवाई दलातही होती.

ती बनवणाऱ्या डी हॅविलँड कॅनडाची सुरुवात मात्र अगदी साधी. 1928 साली इंग्लंडच्या मूळ कंपनीने टोरोंटोत शाखा काढली, ती मॉथ नावाच्या हलक्या विमानांची जुळणी करायला. पुढच्याच वर्षी बिऱ्हाड डाउन्सव्ह्यूला हललं. मग महायुद्ध आलं आणि या जुळणीवाल्यांनी अकराशेवर मॉस्किटो बांधली. मॉस्किटो म्हणजे लाकडी लढाऊ विमान! बर्चचं प्लायवुड, मध्ये बाल्साचा थर.

युद्ध संपलं, ऑर्डरी आटल्या. आता काय करायचं? इथे त्यांनी जे केलं ते मला फार आवडतं. उत्तरेकडच्या जंगलांत, तळ्यांवर विमानं उतरवणाऱ्या वैमानिकांनाच त्यांनी विचारलं, की बाबांनो, तुम्हाला काय हवंय? त्या वैमानिकांच्या मागण्या ऐका. दार एवढं रुंद हवं की इंधनाचा 45 गॅलनचा पिंप सरळ आत ढकलता आला पाहिजे. चाकं, स्की, पाण्यावर तरंगायचे फ्लोट, काहीही लावता आलं पाहिजे. वेगाचं काय? कुत्र्यांच्या स्लेजपेक्षा जोरात गेलं की पुरे, असं कुणीतरी म्हणाल्याचं सांगतात.

त्यातून बीव्हर जन्मलं. 16 ऑगस्ट 1947 ला ते पहिल्यांदा उडालं. त्यातली एक गोष्ट मुद्दाम सांगतो. त्याचं 450 अश्वशक्तीचं इंजिन तेल पितं, आणि तेल भरायचं तोंड चक्क कॉकपिटमध्ये आहे. उणे तीस अंशांत बाहेर शिडी लावून बोटं गोठवायची नाहीत. बूच फिरवा आणि ओता, उडता उडतासुद्धा! वैमानिकाला विचारून विमान केलं की असं होतं. बीव्हर सोळाशेवर बनली, त्यातली निम्म्याहून जास्त अमेरिकी सैन्याने घेतली.

1965 साली ट्विन ऑटर आलं. त्याची पीटी6 इंजिनंसुद्धा कॅनडातलीच, क्वेबेकमध्ये घडलेली. 844 विमानं झाली आणि 1988 साली उत्पादन थांबलं.

मालकीची कथा थोडक्यात उरकतो, कारण ती डोकं फिरवणारी आहे. 1974 साली कॅनडा सरकारने कंपनी घेतली, 1986 साली बोइंगला विकली, 1992 साली ती बंबार्डिये या कॅनडाच्याच विमान कंपनीकडे गेली. आपल्याकडे स्पाइसजेटची जी क्यू400 विमानं उडाली, ती याच घराण्यातली.

पण खरी गंमत कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर घडली. व्हिक्टोरियाजवळची वायकिंग एअर ही छोटी कंपनी बीव्हरचे सुटे भाग करायची. 2006 साली तिने जुन्या विमानांची प्रकार-प्रमाणपत्रं विकत घेतली. हा कागद ज्याच्याकडे, त्यालाच ते विमान बनवायचा हक्क. बंद पडून वीस वर्षं झालेलं ट्विन ऑटर त्यांनी पुन्हा बांधायला घेतलं. भाग व्हिक्टोरियात, अंतिम जुळणी कॅलगरीत. 2019 साली वायकिंगच्याच मालक गटाने बंबार्डियेकडून क्यू400 घेतलं आणि डी हॅविलँड हे नावही परत आणलं. सुटे भाग विकणाऱ्याने अख्खी वाडी घेतली म्हणा ना! डाउन्सव्ह्यूची जमीन मात्र बंबार्डियेने आधीच विकली होती. तिथला मुक्काम हलला, आणि 2022 मध्ये अल्बर्टा प्रांतात नव्या कारखान्याची घोषणा झाली.

बीव्हर अजून उडतंय. डिसेंबर 2019 मध्ये व्हँकूवरजवळ फ्रेझर नदीवरून एका जुन्या बीव्हरने विजेच्या मोटरवर उड्डाण केलं. त्या दिवशी तेलाच्या बुचाला कुणी हात लावला नाही.